कंसाचा फेटा

देवाच्या बोलपटाची पेटी रहिमान कधी जमिनीवर टेकू देत नसे. फिरत्या टॉकीजचा तो मालक. तंबू त्याचा, मशीन त्याचं आणि मशीन चालवणाराही तोच. मारधाडीचा खेळ असला तर त्याची पेटी पायाने सरकवायलाही त्याची हरकत नसे. पण पडद्यावर देव येणार असला, की पेटीला झेंडूचा हार, हळदकुंकू आणि बसायला पाट मिळायचा. मूकपटांच्या काळात त्याच्या वडिलांनी पाडलेली ही रीत होती. बैलगाडीतून अशी सजलेली पेटी निघाली की वाटेवरची गावं हात जोडायची आणि संध्याकाळी सहकुटुंब तंबूत हजर व्हायची. तंबूतल्या आठ माणसांचं पोट त्या हारावर चाललं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

सन पंचावन्नच्या मार्गशीर्षात याच हाराने रहिमानला चाकणच्या बाजारतळावर तोंडघशी पाडलं.

पेटी आणायला गेला होता ज्योतीराम. गाडीवर बसून भोंग्यातून खेळाची दवंडी देणं हे त्याचं काम. लढाईच्या वर्षांत तो पलटणीबरोबर इटलीत होता. बंदूक त्याने फारशी धरली नाही, डाळ मात्र मणांनी शिजवली. येताना एक लोकरी कोट आणि सात इंग्रजी वाक्यं घेऊन आला होता. कोट विरला, वाक्यं टिकली.

पहाटेच्या गाडीने कासारवाडीच्या स्टेशनात दोन पेट्या उतरल्या. एक रहिमानची, गोकुळातल्या कृष्णाच्या बोलपटाची. दुसरी पिंपरीला नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या गोऱ्या साहेबांच्या क्लबची. क्लबचा शिपाई कासारवाडीचाच, म्हणून तीही तिथेच उतरायची. ज्योतीरामने अजून चहासुद्धा घेतला नव्हता. थंडीने काकडत त्याने हाताशी आलेल्या पेटीला हार घातला आणि मूठभर कुंकू फासलं. ते नेमकं पेटीवरच्या नावाच्या चिठ्ठीवर बसलं आणि चिठ्ठी त्याखाली गडप झाली. एकदा हार पडल्यावर ती पेटी देवाची, याबद्दल कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. शिपायाने उरलेली पेटी सायकलला बांधली आणि तो निघून गेला.

भोसरीत बायकांनी पेटीला ओवाळलं. मोशीला इंद्रायणी ओलांडताना गाडीवानाने श्रद्धेने ओंजळभर पाणी शिंपडलं, त्यात चिठ्ठी उरलीसुरली तीही धुऊन निघाली. दुपार टळता टळता पेटी चाकणात शिरली तेव्हा तिच्यासमोर लेझीम चालू होतं.

रहिमानने पेटी दोन्ही हातांनी उतरवून घेतली. त्या दिवशी त्याच्या मनात देवापेक्षाही बबनरावांचा विचार जास्त होता. बबनराव म्हणजे सरपंच. बाजारतळ पंचायतीचा आणि पंचायत बबनरावांची. येत्या रविवारी निवडणूक होती, आणि समोर उभे होते त्यांचेच चुलतभाऊ अर्जुनराव. गावाला देवाचा खेळ फुकट दाखवायचा असं बबनरावांनी ठरवलं आणि रहिमानला बोलावून एकच गोष्ट सांगितली. खेळ झकास झाला तर पावसाळ्यापर्यंत तंबू इथेच राहू दे. गडबड झाली तर दुसऱ्या दिवशी खुंट्या उपट. रहिमानला जायला दुसरी जागा नव्हती. खेडला पक्कं थेटर झालं होतं आणि पिंपरीकडच्या माळावर कारखान्यांची कुंपणं पडत होती. चाकण गेलं तर तंबू मोडीत काढायचा आणि आठही जणांनी मिळेल ती मजुरी शोधायची, एवढंच बाकी होतं.

दिवस मावळताच तंबू गच्च भरला. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, मध्ये कनात. बायकांच्या पुढच्या ओळीत आरतीचं ताट घेऊन गोजाबाई बसल्या होत्या, बबनरावांच्या आई. वय सत्तरीच्या पुढे, दात चार, आवाज मात्र शिवारभर पोचेल असा. त्यांनी पेटीवर नारळ फोडला, आरती झाली, आणि मगच रहिमानला पेटी उघडायची मुभा मिळाली. आतल्या डब्यांवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं होतं. रहिमानला मराठी येत होती, उर्दू येत होती, इंग्रजीतले फक्त आकडे येत होते. त्याने एक आकड्याचं रीळ काढलं आणि मशीनवर चढवलं.

पडद्यावर आधी सरकारी दाखला आला. देव यायच्या आधी काहीतरी कागद येतो हे लोकांना ठाऊक होतं, म्हणून सातशे जणांनी त्यालाच हात जोडून घेतले. मग बँड वाजला. रणगाडे आले. मग छातीभर बिल्ले लावलेला एक बुटका माणूस जिन्यावरून उतरला आणि इंग्रजीत ओरडू लागला.

ज्योतीराम धावतच मशीनजवळ आला.

"रहिमानभाई, ह्ये गोकुळ न्हाई."

"मलाबी डोळं हायत. पेटी कुणी आणली?"

लढाईच्या दिवसांत गोऱ्यांच्या छावणीत असले खेळ ज्योतीरामने पाहिले होते. लढाई चालू असतानाच लढाई लावणाऱ्यांची टर उडवणारे. गोरे शिपाई हसून हसून बाकावरून पडायचे.

"सातशे माणूस ताट घिऊन बसलंय," रहिमान म्हणाला. "आता मी देव कुठनं आणू?"

ज्योतीरामने पडद्याकडे पाहिलं. बुटका अजून ओरडतच होता. "देव कुठंय ते म्होरं बघू," तो म्हणाला. "कंस तर घावलाय." आणि भोंगा उचलून तो पडद्याशेजारी जाऊन उभा राहिला.

"भाविकहो, ह्यो कंस," भोंग्यातून आवाज आला. "मागल्या युगात पितांबर नेसायचा, ह्या युगात पाटलोण घालतो. पर डोळं बघा. डोळं त्येच हायत."

लोक गोजाबाईंकडे बघू लागले. त्यांनी पडद्यावरच्या डोळ्यांकडे नीट निरखून पाहिलं आणि मान डोलावली. रहिमानने त्या म्हातारीला मनातल्या मनात शंभर वर्षं आयुष्य मागितलं. तिने मान आडवी हलवली असती तर तिथेच सगळं संपलं असतं.

पुढचं काम ज्योतीरामने एकट्याने रेटलं. बोलण्यातलं त्याला अक्षरही कळत नव्हतं, पण खेळच असा होता की बहिऱ्यालाही समजावा. हा जो बुटका राजा, त्याला आपल्या उंचीचं फार वाईट वाटायचं. त्याच्यापेक्षा जो उंच दिसेल त्याची रवानगी थेट आघाडीवर. त्यामुळे राजवाड्यात सगळे ठेंगू उरले होते, आणि जे थोडे उंच होते ते गुडघे वाकवून चालायचे. राजा एका चांभाराकडून रोज आधीपेक्षा उंच टाचांचे बूट करून घ्यायचा. टाचा इतक्या वाढल्या की सेनापती दोन्ही बाजूंनी त्याला धरून चालवायचे, आणि कुणी हसलं की त्यालाही आघाडीवर.

"आन् किस्नदेव कुठं ऱ्हायला?" गोजाबाईंनी मध्येच विचारलं.

"त्यो काय, हातोडी घिऊन बसलाय. येश पालटून आलाय."

पुरुषांच्या बाजूने कुणीतरी कुरकुरलं, देव आणि चांभाराच्या येशात? ज्योतीराम क्षणभरही थांबला नाही. "भक्ताच्या घरी दळण दळणारा देव त्यो," तो म्हणाला. "त्येला जोडं शिवायला कसली लाज?"

बाजारात जोडे शिवणारे दत्तोबा नेहमीप्रमाणे अगदी मागे, कनातीला टेकून उभे होते. ते ऐकून ते दोन पावलं पुढे आले. मग आणखी दोन. पुरुषांच्या मधल्या ओळीत एकाने मांडी आवळून त्यांना जागा करून दिली, आणि ते बसले. रहिमानने मशीनमागून हे पाहिलं आणि त्याला भरून आलं. चुकून आलेल्या पेटीबद्दल देवाचे आभार मानावेत की काय, असं त्याला त्या क्षणी वाटून गेलं.

आता बबनराव वेळेवर आले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण वेळेवर येणं त्यांना कमीपणाचं वाटे. सहा रिळं संपली, सातवं चढवायचं होतं, तेवढ्यात दाराशी करकर असा आवाज आला. बबनरावांचे पुण्याहून शिवून आणलेले जाड टाचांचे जोडे अख्ख्या चाकणला आवाजावरून ओळखू येत. सातशे माणूस उठून उभं राहिलं. आणि तंबूची एक रीत होती, जी रहिमानने पाडली नव्हती आणि त्याला मोडताही येत नव्हती. सरपंच आले की खेळ पहिल्यापासून सुरू व्हायचा.

बबनरावांच्या माणसांनी खुर्ची आणली. सरपंच कुणापेक्षा खाली दिसू नयेत म्हणून त्यांनी ती पडद्यासमोर बरोबर मधोमध, दोन चौरंगांवर चढवली. त्या खुर्चीवर बबनराव बसले, त्यांच्या डोक्यावर हातभर तुऱ्याचा फेटा. रहिमानने पहिलं रीळ पुन्हा लावलं, मशीनचा उजेड सोडला, आणि त्याचा हात तसाच थबकला.

फेटा उजेडाच्या वाटेत आला होता. पडद्यावर बँड वाजला, रणगाडे गेले, बुटका जिन्यावरून उतरला आणि बरोबर मध्ये येऊन उभा राहिला, तो डोक्यावर फेट्याची ठसठशीत काळी सावली घेऊनच. तुऱ्यासकट. जणू बिल्ले लावायच्या आधी त्याने चाकणातच फेटा बांधून घेतला होता.

जरा खाली बसा, किंवा खुर्ची बाजूला घ्या, असं बबनरावांना सांगणारा माणूस तंबूत नव्हता. तालुक्यातही बहुधा नसावा. मशीनही हलवता येत नव्हतं, ते जमिनीत गाडलेल्या दगडांवर ठोकून बसवलं होतं. रहिमान नुसता बघत राहिला. बबनराव मान हलवायचे तसा कंसाचा फेटा हलायचा. बबनराव तंबाखू थुंकायला वाकले की फेटा कंसाच्या डोक्यावरून नाहीसा व्हायचा, आणि ते सरळ झाले की पुन्हा जागेवर यायचा.

पहिल्या वेळी लोकांनी हा खेळ परक्या कंसाचा म्हणून पाहिला होता. आता त्यांच्यासमोर एकाच वेळी दोन होते, एक पडद्यावर आणि एक चौरंगांवर. राजवाड्यातले लोक गुडघे वाकवून चालू लागले, तेव्हा बबनरावांच्या घरापेक्षा उंच माडी कुणी बांधायची नाही हा नियम प्रत्येकाला आठवला. राजा दारात येताच सगळे ताडकन उठले, तेव्हा आपण आत्ताच उठलो होतो हेही आठवलं. बूट वाजायचे तेव्हा तर काही आठवायची गरजच नव्हती. पण हसलं कुणीच नाही. सातशे माणसं ओठ आवळून बसली होती, काहींनी तोंडात टॉवेलचं टोक कोंबलं होतं. ज्योतीरामचा आवाज भोंग्यातसुद्धा थरथरत होता.

दरबाऱ्यांनी फीत लावून राजाची उंची मोजायचा प्रसंग आला. प्रत्येक जण एकेक बोट वाढवून सांगत होता. नेमक्या त्याच वेळी बबनराव खुर्चीत ताठ बसले आणि पडद्यावरचा फेटा आपला आपण एक हात वर गेला.

गोजाबाई हसल्या. आधी नाकातून, मग तोंडातून, मग सगळं अंग हलवून, चारही दात दाखवत. सरपंचाची सख्खी आई हसते म्हटल्यावर गावाला मुभाच मिळाली. तंबूचे खांब हलले म्हणतात ते खरं असावं, कारण मशीनचा उजेड दोनदा थरथरला. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या, दत्तोबा डोळे पुसत होते. रहिमानला तेवढे बबनरावांचे खांदे दिसत होते. ते गदगदा हलत होते. रागाने माणसाचं अंग असं कापताना त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

खेळ संपला. शेवटी राजा टाचांवरून कोसळला, चांभाराने त्याला उचलून अनवाणी उभं केलं, आणि तो इतरांएवढाच निघाला. लोकांनी कृष्णाचा जयजयकार केला. बबनराव खुर्चीवरून उतरले. जोडे करकरत दारापर्यंत गेले आणि त्यांचा माणूस येऊन सांगून गेला की सरपंच सकाळी येतील, तोवर कुणी कुठं जायचं नाही.

सकाळी रहिमानने आपणहून खुंट्या उपटायला घेतल्या. ज्योतीराम त्याच्या पाठोपाठ दोर गुंडाळत होता. मध्येच तो म्हणाला, की पेटीचा दोष त्याचा आहे, सरपंचांना तसंच सांगा आणि त्याला काढून टाका. रहिमानने त्याच्याकडे पाहिलं. या माणसाने रात्री सात वाक्यांच्या भांडवलावर सातशे माणसं धरून ठेवली होती. "तू नसतास तर काल सोनं वाटलं असतं तरी लोकांनी तंबू जाळला असता," तो म्हणाला. "गुपचूप दोर गुंडाळ." तेवढ्यात जोडे वाजले.

"खुंट्या कुणाला इचारून काढल्या?" बबनराव म्हणाले.

रहिमान हात जोडून पुढे झाला. चूक झाली, पेटी बदलली, कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता, असं तो सांगू लागला. बबनरावांनी काठी वर करून त्याला थांबवलं.

"त्ये ऱ्हाऊ दे. मला एक सांग. आमच्या अर्जुनरावाचं ध्यान त्या परमुलखातल्या लोकांनी हुबेहूब उतरवलं कसं?"

रहिमानला आपण ऐकलं ते खरं की काय, कळेना. "अर्जुनरावांचं?"

"मंग? अरं, अंगात पाटलोण, बिल्लं, सगळं त्याच्यावानी साहेबी. आन् डोक्याला फेटा. त्योबी आमच्या भावकीचा, आमच्याच बांधणीचा. उंच दिसायची हौस तीच, लोकांनी उठून उभं ऱ्हायाची हौस तीच. मी तर आवरून आवरून धरलं, पर खांदं काय ऱ्हाईनात." ते आठवूनच त्यांना पुन्हा हसू आलं. "आईबी किती हसली. तिलाबी कळलं."

मग त्यांनी हुकूम सोडले. खुंट्या परत ठोकायच्या. रविवारपर्यंत रोज हाच खेळ, सगळ्यांना फुकट. पावसाळ्यापर्यंत बाजारतळ रहिमानचा. खुर्ची मात्र त्याच जागी, त्याच चौरंगांवर पाहिजे.

"तितनंच त्याचा फेटा नीट दिसतो," बबनराव गंभीरपणे म्हणाले. "मी जरा वाकलो तर दिसंनासा होतो. मशीनमंदी काय खोट असंल तर बघून घे."

मशीन बघून घेतो, असं रहिमानने कबूल केलं. बबनराव वळून गेल्यावर तो जमिनीवर तसाच बसला, आणि त्याने डोळे मिटून अल्लाचे आभार मानले. मग कृष्णाचे मानले, कारण पेटी त्याच्या नावाची होती. इंदोरीकडून आलेली एक गाडी तळावर थांबली होती, तिच्या बैलांचेही मानावेत इतका तो हलका झाला होता.

दुपारी क्लबचा शिपाई सायकल दामटत आला. आता पेटी परत मागणार, म्हणून रहिमान पुन्हा घाबरला. पण शिपायाचा निरोप वेगळाच होता. साहेबलोकांनी रात्री गोकुळ पाहिलं. आधी रागावले, मग लोणी चोरणाऱ्या पोराने त्यांना अशी भुरळ घातली की मडमांनी तीच रिळं पुन्हा लावायला सांगितली. ती पेटी रविवारपर्यंत ठेवून घेतली तर चालेल का, असं त्यांनी फार अदबीने विचारलं होतं. रहिमानने तितक्याच अदबीने चालेल म्हणून सांगितलं आणि शिपायाला चहा पाजला.

तो जातोय तोवर गोजाबाई आल्या. डोक्यावर टोपली, टोपलीत आठ जणांना पुरतील एवढ्या बाजरीच्या भाकरी आणि कांद्याची भाजी. त्यांनी टोपली उतरवली आणि स्वतः खांबाला टेकून बसल्या. सगळ्यांना वाढून झाल्यावर म्हणाल्या, की आमचे धनी त्या कंसासारखेच होते, आणि त्यांच्यामागे लेकही तसाच झाला. पन्नास वर्षं त्या घरात कुणी मोठ्याने हसलं नाही.

"काल प्वाटभर हसले रं बाबा," त्या म्हणाल्या. "मरायच्या आधी हसायचं ऱ्हाईलं व्हतं. त्ये तू केलंस. देव तुझं भलं करो."

आभार खरं तर रहिमाननेच मानायचे होते. त्याने त्यांच्या पायांना हात लावला. मग, मनातली भीती काही जाईना म्हणून, हळूच विचारलं, "आज्जी, पर रोज तिथंच बसायचं म्हनत्यात. चार दिवसांत त्यांना उमगलं तर? फेटा कुणाचा त्ये?"

गोजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात चेष्टा होती, मायाही होती, आणि थोडं दुःखही होतं.

"न्हाई उमगायचं, लेकरा," त्या म्हणाल्या. "मी आई हाय त्याची."